अधिक महिना धरत नाहीत

१६ एप्रिल १९८०, बुधवार
प्रेमिलाला पाचवा महिना. रजा टाकून तिच्याबरोबर नंदनवनच्या प्रसूती केंद्रात गेलो. स्वतः पाहिल्याशिवाय मी बायकोच्या पोटावरही विश्वास ठेवत नाही. हिंगण्याला कारखान्यात रोज चारशे बेअरिंगं तपासतो ते उगाच नाही.
तिथल्या नर्स भीमाबाई. त्यांची तपासणी म्हणजे काय, तर वजन, दंडाला पट्टा बांधून ब्लडप्रेशर, लघवी स्पिरिटच्या दिव्यावर उकळणे, पापणी ओढून रक्त पाहणे, पोट चाचपणे, आणि पोटावर लाकडी नळी ठेवून कान लावणे. शेवटी लोहाच्या गोळ्यांची पुडी. अख्ख्या खोलीत एक मायक्रोमीटर नाही. मी तसं बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, भाऊ, तुम्ही बाहेर बाकावर बसा.
तारीख दिली १२ सप्टेंबर. सातव्यापर्यंत महिन्यातून एकदा यायचं, मग पंधरा दिवसांनी, शेवटी दर आठवड्याला. चांगला माल इतक्यांदा तपासावा लागत नाही.
संकल्प: हे बाळंतपण माझ्या देखरेखीखाली होईल.

१८ एप्रिल
माहेरी पाठवणे रद्द. उमरेडला सुपरव्हिजन कोण करणार? प्रेमिला काही बोलली नाही, म्हणजे पटलं.

१८ मे, रविवार
धोंड्याचा महिना. सासऱ्यांनी जावयाला बोलावलं. प्रेमिलाला प्रवास नको म्हणून एकटाच गेलो. तेहतीस अनारसे, त्यांतले सात कच्चे. रिजेक्ट करायला हवे होते, पण खाल्ले.
परतताना बसमध्ये मोठी गोष्ट सुचली. अधिक महिन्यात लग्न नाही, मुंज नाही, वास्तू नाही. शास्त्र हा महिना धरतच नाही. मग बाळंतपणात कसा धरायचा? भीमाबाईंनी धरला. म्हणजे १२ सप्टेंबर चूक, १२ ऑक्टोबर बरोबर. ऐन नवरात्र. नर्सांच्या कोर्सात पंचांग नसतं, त्याचा हा परिणाम.

१९ मे
प्रेमिलाला हिशेब समजावला. ती म्हणाली, पोटातल्याले पंचांग वाचता येते काय जी? बायकांशी शास्त्र बोलू नये.

१८ जून, बुधवार
पुन्हा रजा टाकून केंद्रात. भीमाबाईंना त्यांची चूक चारचौघींत न सांगता बाजूला घेऊन सांगितली. त्यांनी प्रेमिलाचं पोट बोटांनी मोजलं. बेंबीच्या वर तीन बोटं, म्हणजे सात महिने, तारीख बरोबर आहे, म्हणाल्या. बोटांनी! कोणाच्या बोटांनी? स्टँडर्ड बोट कुठे ठेवलं आहे? विचारलं. पुन्हा बाकावर.
यापुढे तिथे जाणार नाही. बाक ढेकणांचा आहे.

१६ जुलै, बुधवार
प्रेमिला केंद्रातून निरोप घेऊन आली. पायांवर सूज, ब्लडप्रेशर चढलं आहे, आराम करा, मीठ कमी करा, आता दर बुधवारी दाखवा. आई घाबरली. मी नाही. सूज केंद्रापर्यंत पायी चालल्यानेच येते हे शेंबडं पोरही सांगेल. उपाय: केंद्र बंद. तपासणी घरीच करीन.
प्रेमिलाने तपासणीचं कार्ड घडी करून डब्यात ठेवलं. मग बरं म्हणाली.

२० जुलै, रविवार
घरची पहिली तपासणी. धान्याच्या दुकानातल्या पोत्यांच्या काट्यावर उभी राहायला प्रेमिलाने नकार दिला. दुकानदार तर काटा पुसून तयार होता. सहकार्य शून्य.
लाकडी नळीऐवजी रॉकेलचं नरसाळं, धुऊन. आधी गुडगुड ऐकू आली, मग ठोके, मग बातम्या. ठोके माझ्याच कानातले असावेत, बातम्या शेजारच्या रेडिओच्या. शेरा: समाधानकारक.

१३ ऑगस्ट, बुधवार
श्रावण लागला. शेजारच्या इंदूबाई आषाढीपासून दर बुधवारी प्रेमिलाला रिक्षाने पोथी ऐकायला नेतात. मी कामावर असतो तेव्हा. जाऊ देतो, बायकांना तेवढंच कळतं. आज पायांची सूज बरीच उतरलेली दिसली. माझी पद्धत लागू पडली. भीमाबाईंना एक पत्र टाकून कळवावं, त्यांनाही शिकायला मिळेल.

२७ ऑगस्ट
रजेचा अर्ज दिला. १० ऑक्टोबरपासून पंधरा दिवस. फोरमन चंपतरावांना शंका राहू नये म्हणून अधिक महिन्याचा हिशेब दोन पानांत जोडला. त्यांनी तो डब्याच्या सुट्टीत सगळ्यांना वाचून दाखवला. लोक हसत होते. अडाण्यांच्या बाजारात शहाण्याने दुकान मांडू नये.
घरी आईचं वेगळंच. बापू, औंदा गणपती घरी बसवू नको, सोयर आलं त पूजा कोण करीन? मी म्हटलं, सोयर ऑक्टोबरात.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
भीमाबाईंची तारीख. साडेपाचला घरी आलो. प्रेमिला पोळ्या लाटते आहे. काही नाही. मी जिंकलो. इंदूबाईंच्या दारात जाऊन तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, दिवस मावळू त द्या शालिकभाऊ.

१३ सप्टेंबर, शनिवार, सकाळी ७
प्रेमिलाच्या पोटात कळा. खोट्या. महिना बाकी आहे. ओवा चावायला दिला. ती म्हणाली, जाऊ नका जी, मले भेव वाटून राहिलं. तासाभरात मूर्ती घेऊन येतो म्हटलं. चतुर्थीला उशीर केला तर उरलेल्या वाकड्या सोंडेच्या मिळतात.

तोच दिवस, संध्याकाळी ६
अकराला मूर्ती घेऊन आलो तर घराला कुलूप. इंदूबाईंचे यजमान आनंदराव म्हणाले, सगळ्या केंद्रात गेल्या, वहिनीले लय त्रास होऊन राहिला होता. गणपती वाटेत खाली ठेवता येत नाही. तसाच रिक्षात बसलो.
केंद्रात बाक. मांडीवर गणपती. आतून प्रेमिलाचा आवाज. दीड तास. इतका मी जन्मात घाबरलो नव्हतो. तिने जाऊ नका म्हटलं होतं.
मग भीमाबाई बाहेर आल्या. पोरगी झाली, दोघी बऱ्या आहेत, पावणेतीन किलो. त्यांनी पोरगी माझ्यापुढे धरली. माझ्या दोन्ही हातांत गणपती. आई म्हणाली, सोयर लागलं, देवाले शिवू नको, सोड. पण सोडू कुठे? खाली ठेवता येत नाही, हातात धरता येत नाही. मी उभाच राहिलो. पोरगी इंदूबाईंनी घेतली.
मागून आलेल्या आनंदरावांनी गणपती नेला, त्यांच्या घरी बसवतो म्हणाले. तोवर पोरगी आत गेली होती. आत पुरुषांना मनाई.

१४ सप्टेंबर, रविवार
भेटीच्या वेळेत गेलो. पोरगी पाहिली. नाक आईचं आहे, म्हणजे माझ्या आईचं.
खाटेला तपासणीचं कार्ड अडकवलेलं होतं. सवयीने वाचलं. जुलैपासून एकही बुधवार रिकामा नाही. वजन, लघवी, ब्लडप्रेशर, सही. पोथी कोणती ते समजलं. दोन बुधवारी प्रेशर फार चढलेलं, गोळ्या दिल्या. भीमाबाई म्हणाल्या, ही घरी बसून राहिली असती त काल कठीण होतं भाऊ. मी कार्ड परत खाटेला अडकवलं.
प्रेमिलाला म्हटलं, दे जरा इकडे. ती म्हणाली, तुमची त ऑक्टोबरात येऊन राहिली ना जी. आणि पोरीला पदराखाली घेऊन भिंतीकडे वळली.

१५ सप्टेंबर, सोमवार
रजा आजपासून बदलून मागितली. चंपतराव म्हणाले, मंजूर झाली ते ऑक्टोबरची, तूच त दोन पानं पटवून दिलं होतं गा.
केंद्रात भेटीची वेळ चार ते पाच. कंपनीची बस मला साडेपाचला सोडते. आज पोहोचलो तेव्हा दार बंद, खिडकीतून भीमाबाई दिसल्या. बाक रिकामा होता, बसलो. त्यांनी खिडकी लावली नाही, एवढं केलं.
पोरगी अजून हातात घेतलेली नाही.