मारोतीकाकांना न सांगितलेला बदल

प्रिय ताई,

जय भीम. तू हे जग सोडून गेल्यापासून आज पहिल्यांदा तुला लिहितेय. तेही आठवण दाटून आली म्हणून नाही गं, भीती वाटते म्हणून. हे सांगायला दुसरं कुणी नाही.

धरणाची दारं उघडली की खालच्या मासेमारांच्या फोनवर खबर पाठवणारा तुझा प्रोग्राम आता दुसऱ्यांच्या नद्यांवरही चालतो. कुणीही घ्यावा, कुणीही सुधारावा, असा तू तो मोकळा ठेवलास ना! परवा तो सांभाळणाऱ्या आपल्या गटाने ठरवलं, एआयकडून लिहून घेतलेला कोड स्वीकारायचा की नाही, याचे नियम करू. लिहायचे कुणी? तर मी! तुझ्या हाताखाली शिकलेली म्हणून!

तुझा एकच नियम होता. कुणीही बदल केला की तो आधी आपल्या गावच्या मासेमार मारोतीकाकांना समजावून सांगायचा. काका आंब्याखाली जाळं विणत बसायचे आणि बदल पाठवणारा पुण्याचा तो इंजिनिअर त्यांना फोनवर समजावताना घामाघूम व्हायचा. आम्ही किती हसायचो! पण काकांनीच एकदा विचारलं होतं, "येक दार उघडलं, खबर आली. मंग दुसरं उघडलं त तुही मशीन सांगते का चूप राह्यते वो?" चूप राहत होती. तू जेवण टाकून उठलीस आणि एक ओळ वाढवलीस.

त्या ओळीपुढे "ही काकांची" एवढं तरी लिहायचंस! नियमही कुठे लिहून ठेवला नाहीस. का गं?

तू गेल्यावर धरणाच्या सूचनांचा नमुना बदलला आणि प्रोग्रामला त्या वाचता येईनात. तुझा कोड मला उलगडेना. मी तो एआयला दिला. अर्ध्या तासात नवा, नीटनेटका कोड हातात आला. चालला. मी तो माझ्या नावावर चढवला. काकांकडे गेले नाही. ते झोपले असतील असं मनाला सांगितलं, सकाळी अकरा वाजता!

गेल्या आठवड्यात काका नदीत रेतीवर होते. पहिल्या दाराची खबर आली, पाणी थोडं होतं, ते थांबले. मग दुसरं दार उघडलं. फोन वाजलाच नाही. पाण्याचा रंग बदललेला दिसला म्हणून ते जाळं तिथेच सोडून निघाले. ओलेचिंब आपल्या अंगणात आले. रागावले नाहीत गं.

"काहून नाही आली खबर, पोरी? तूच त बनवलं ना थे?"

"हो काका," मी म्हणाले.

ताई, काल रात्री नियम लिहायला बसले तेव्हा कुठे तो कोड उघडून पाहिला. ती ओळ नव्या कोडात नाही. यंत्राने गाळली आणि मी पाहिलं नाही. आणखी काय काय गाळलं असेल? मला सांगता येत नाही. दुसऱ्या नद्यांवर त्या दिवशी रेतीवर कोण उभं होतं? आणि खोटं का बोलू, गट मला हाकलेल याचीही भीती वाटते. तुझ्या नावाला बट्टा लागेल. वरच्या अंगाला आजही आभाळ भरलंय.

सकाळी माझा बदल काढून टाकला. आता प्रोग्राम मुकाच आहे. धरणाच्या सूचना वाचून आपल्या गावच्या यादीतल्या एकेकाला मीच फोन करतेय.

तुला शब्द देते. हे पत्र मिटलं की सगळ्या नद्यांच्या लोकांना कळवीन, की यावर विसंबू नका, चूक माझी आहे. मग नियम लिहीन. यंत्राची मदत घेतली तर तसं सांगा, आणि ओळ न ओळ स्वतःच्या तोंडाने एका माणसाला समजावता आली तरच पाठवा. खाली उदाहरण म्हणून माझाच बदल देईन, माझ्या नावासकट.

पण सगळ्यात आधी काकांना खरं सांगायचंय. ते आंब्याखाली नवं जाळं विणताहेत, इथून दिसतात. भीती गेलेली नाही, ताई. तरी मी निघाले.

तुझी घाबरट,
सुजाता