मुरमाची वाट

कार्डिफ,
२१ ऑगस्ट २००६

प्रिय आई,

नमस्कार दर रविवारी फोनवर होतोच, म्हणून इथे सरळ मुद्द्यावर येते. व्हिसाच्या कागदांबद्दल तुम्ही तीन रविवार विचारताय आणि मी तीन रविवार तुम्हाला फ्रान्सचं हवामान सांगतेय. गेल्या खेपेला तुम्ही म्हणालात, "मी यायला नको असेन तर तसं सांग गं, मला वाईट नाही वाटणार." ते वाटलं होतं, हे सांगलीहून इथपर्यंत ऐकू आलं. तुम्ही नको आहात असं मुळीच नाही. कागद का अडलेत ते सांगायचं तर फ्रान्सपासूनच सुरुवात करावी लागेल, आणि ते फोनवर मला जमणार नाही. आर्या मैत्रिणीकडे गेली आहे, घरात कुणी नाही, तेव्हा लिहूनच टाकते.

सायकलींची कल्पना तुमच्या लेकाची. रीडिंगला नोकरी घेतल्यापासून गेली तीन वर्षं नंदू सोमवार ते शुक्रवार तिथे खोलीवर असतो आणि शनिवार-रविवार इथे. या उन्हाळ्यात तिघांनी मिळून काहीतरी करायचंच, असं त्याच्या मनाने घेतलं. मी म्हटलं, अकरा वर्षांच्या पोरीला मी रस्त्यावर सायकल चालवू देणार नाही. त्यावर त्याने टेबलावर नकाशाच पसरला. फ्रान्समध्ये ब्रिटनी म्हणून भाग आहे, तिथे एक जुना कालवा आहे. त्याच्या काठाने पूर्वी बोटी ओढणारे घोडे चालायचे. आता घोडे गेले, मालाच्या बोटी गेल्या, वाट तेवढी राहिली, आणि तिच्यावर मोटारींना बंदी. शंभर-सव्वाशे किलोमीटर नुसत्या सायकली आणि चालणारी माणसं. मग मी हो म्हटलं. जुलैच्या शेवटी आम्ही ट्रेनने पोर्ट्समथला गेलो आणि सायकलींसकट बोटीवर चढलो.

तुम्हाला ती वाट आवडली असती. पदर खोचून सायकलवर शाळा गाठणाऱ्या बाईला आवडलीच असती. डांबर नाही, बारीक खडी दाबून बसवलेली, अगदी आपल्याकडच्या मुरमासारखी, रंगाने जरा पिवळट. चाकाखाली दिवसभर चर्र आवाज. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला मक्याची शेतं नाहीतर झाडी. दर दोन-तीन किलोमीटरवर कालव्याला दरवाजे. बोट आत घेऊन दरवाजे लावतात, पाणी भरतात, आणि बोट हळूहळू वरच्या पातळीला येते. शेजारी दरवाजेवाल्याचं छोटं घर, खिडकीत लाल फुलं. पहिल्या दिवशी आर्या ओरडली, "आई, माझा सायकल बघ, नो हँड्स! इथे मागे बघायलाच लागत नाही!" सायकल 'ती' असते हे तुम्ही तिला कितीदा सांगितलंत. पालथ्या घड्यावर पाणी.

मागे बघायला लागत नाही, हे मात्र खरं होतं. इथे घराजवळ तिघं सायकलवर निघालो की आमची टकळी अखंड चालू असते. मागे कार आहे, कडेने घे, थांब, व्हॅन येतेय. तिथे यातलं एकही वाक्य लागेना. पहिल्या दिवशी मला त्याचं बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी लक्षात आलं, की सकाळपासून मी आणि नंदू एकमेकांशी चकार शब्द बोललेलो नाही. भांडण नव्हतं हो. बोलायला काही नव्हतं, आणि बोललो नाही याची दोघांनाही आठवण झाली नव्हती. मग पुढचे वीस किलोमीटर मी आठवत बसले, की घरी तरी आपण काय बोलतो? बॉयलरवाला कधी येणार, आर्याला स्विमिंगहून कोण आणणार, कौन्सिलचं पत्र आलं का. तुम्ही मागे आला होतात तेव्हा म्हणाला होतात, "दोघांचं छान जमतं, आवाज म्हणून चढत नाही कधी." मला तेव्हा अभिमान वाटला होता.

त्या खडीने सारखे हादरे बसतात. तिसऱ्या दिवशी माझी उजवी करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट बधिर झालं. हँडलवर तळहाताची शीर दाबली जाते, त्यात काही विशेष नाही. मी भूलतज्ज्ञ, बधिरपणा हा माझ्या पोटापाण्याचा धंदा. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करायचा असतो तेव्हा मी पेशंटला आधी सांगून ठेवते: हात लावलेला कळेल, ओढलेलंही कळेल, दुखणार मात्र नाही. दिवसातून चार-पाच वेळा हे वाक्य म्हणते. त्या दिवशी ते मनातल्या मनात म्हणताना मला हसू आलं, कारण ते आमच्या घराचं अचूक वर्णन होतं.

चौथ्या दिवशी आम्ही एका दरवाज्यापाशी पाव, चीज आणि पीच खायला थांबलो. आत एक बोट शिरली होती. आर्या काठावर पालथी पडून ती वर येताना बघत होती. नंदू पीचची साल काढत म्हणाला, की शुक्रवारी कार्डिफची ट्रेन पकडताना त्याला ऑफिसला निघाल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, तू सोमवारी गेलास की मला घरी आल्यासारखं वाटतं. मग आणखी थोडं बोललो. तिसरं कुणी नाही, ना त्याच्या बाजूने, ना माझ्या. ते मी विचारलं, त्यानेही विचारलं, आणि दोघांनी एकमेकांवर लगेच विश्वास ठेवला. वेगळं व्हायचं, हे बोट वरच्या पातळीला येईपर्यंत ठरलंसुद्धा. चौदा वर्षांच्या संसाराला दहा-बारा मिनिटं पुरली. आर्या हात पुसत आली, म्हणाली, "शाल वी गो?" आणि आम्ही निघालो, कारण मुक्कामाची खोली अजून बावीस किलोमीटर पुढे होती.

मी रडले नाही. अजून रडलेले नाही. त्या संध्याकाळी नंदूने कुठूनशी कापडी पट्टी आणली आणि माझ्या हँडलला जाडजूड गुंडाळून दिली, म्हणजे हात दुखणार नाही. किती नीट गुंडाळली होती. मी थँक यू म्हटलं. एवढा चांगला माणूस आहे तो, आई, तुम्ही चांगला वाढवलात, आणि मला त्याच्याबद्दल काहीच वाटत नाही. हे तुम्हाला लिहिताना लाज वाटते. तेवढंच काय ते वाटतं.

परत येताना बोटीवर नंदू म्हणाला, "आईला मी सांगतो." मी म्हटलं बरं. पण दर रविवारी तो तुमच्याशी पावसाचं आणि क्रिकेटचं बोलतो, माझ्या हातात फोन देतो आणि बागेत कपडे वाळत घालायला जातो. त्याच्यावर रागावू नका. त्याला भीती वाटते, तुमची कमी आणि तुमच्या रडण्याची जास्त. सप्टेंबरअखेर तो रीडिंगला कायमचा राहायला जाईल. वकीलबाई म्हणतात, कागदोपत्री सगळं उरकायला पुढचा उन्हाळा उजाडेल.

आर्याला आम्ही गेल्या शनिवारी सांगितलं. ती सोफ्यावर बसून ऐकत होती. शाळा बदलणार का, घर विकणार का, असले प्रश्न येतील म्हणून आम्ही उत्तरं ठरवून ठेवली होती. त्यातलं तिने काहीच विचारलं नाही. म्हणाली, "मग आजी कोणाकडे येणार?" आई, फ्रान्सपासून आजपर्यंत पहिल्यांदा काहीतरी दुखलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्याकडे." तुम्हाला न विचारताच मी तिला शब्द दिला. निमंत्रणाचं पत्र सही करून सोबत जोडलंय, बँकेचे कागदही आहेत. नात्याच्या जागी सासू असंच लिहिलंय, आणि तुम्ही ऑक्टोबरात याल तेव्हा ते खरंच असेल. त्याच्यानंतर तुम्हाला काय म्हणायचं, हे इथल्या वकिलालाही ठाऊक नाही आणि मलाही. तुम्ही नको म्हणेपर्यंत मी आईच म्हणत राहणार. नंदूकडे हवे तितके दिवस राहा, तो तुमचा मुलगा आहे. पण माझ्याकडे याल का?

तुमचीच,
सीमा