चारूच्या सासऱ्यांना लिहिताना

सावदा

नानाभाऊ, रामराम.

परवा सकाळी आरती झाल्यावर मी देवळातच बसून चारूच्या होणाऱ्या सासऱ्यांना इंग्रजीत पत्र लिहिलं. ते केरळचे, त्यांना मराठी येत नाही. तुमच्याकडे लिहून मागितलं होतं, तर म्हणालात, "परजातीत पोरगी देतोस, मी एक ओळ लिहिणार नाही. तू आपल्या बागेतली केळीच काप!"

भजनात जिथे श्वास घेतो, तिथे मी स्वल्पविराम देत गेलो. तुमची कामिनीच हसली, "काका, हे पत्र आहे की अभंग?" मग तिने शिकवलं, इंग्रजीत विराम श्वास पाहून नाही, अर्थ पाहून देतात. निम्मे खोडले. 'चारू आता तुमचीही मुलगी आहे' यापुढचा पूर्णविराम मात्र कुणाला न विचारता दिला.

तुम्ही कामिनीला रागवाल, म्हणून हे पत्र देवघरातच राहील. केरळचं पत्र मात्र मी आज पोस्टात टाकलं.

तुमचा धाकटा,
जितेंद्र