बांधी आणि बंदी

गोंदिया, सोमवार

आदरणीय यादोरावभाऊजी यांना दुलीचंदचा नमस्कार, पायांना हात लावून, पण गुडघा सोडून (तो दुखतो असं ऐकलं). उन्हाळी धान घरी आला असेल. इकडे आम्ही सगळे या वयात असायला पाहिजे तसे आहोत, म्हणजे थकलेले.

तुमच्या दवनीवाड्याच्या ग्रामसभेत मी जी वीस मिनिटं बोललो, त्यांची खरी किंमत काल बसून काढली. बावीस घरं, एक वर्ष आणि तुमच्या घरचा चहा. फोनवरच सांगणार होतो, पण तुमचा फोन बाई उचलते आणि आजकाल स्पीकरवर ठेवते. (बाई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण, पण या पत्रापुरती विरोधी पार्टी.) म्हणून ही चिठ्ठी टेम्पोवाल्याच्या हाती पाठवत आहे.

मी राइस मिलमध्ये पोती उचलत मोठा झालो, हे तुम्ही पाहिलेलं आहे. शाळा नाही, ओळख नाही. जे कमावलं ते कानांवर. सेठ लोक आत काय बोलतात ते बाहेर पोत्यावर बसून ऐकायचं आणि त्यांच्या आधी बाजारात पोचायचं. सिमेंटचं दुकान असंच झालं. जन्मभर दुसऱ्यांच्या घरांना सिमेंट विकलं, स्वतः उभी करायला घेतली अशी ही पहिलीच घरं. तर त्या दिवशी तुमच्या गावातल्या माझ्या बावीस घरांच्या लेआउटवरून परत येताना मी पानठेल्याच्या मागे उभा होतो (कशाला ते विचारू नका, डॉक्टरनं तंबाखूचा खर्रा बंद केला आहे). पुढच्या बाजूला बचत गटाच्या वच्छलाबाई शामकलेला सांगत होत्या, यंदा सभेत बंदीचं काढूच, कितीक दिवस चूप राहाचं. तेवढ्यात ट्रॅक्टर गेला आणि पुढचं बुडालं. पण हुशार माणसाला एक शब्द पुरतो. बंदी. म्हणजे माझ्या बांधकामावर. दुसरा कोणी असता तर त्यानं पुढे होऊन विचारलं असतं. मी घरी येऊन तयारी केली.

सभेत सरपंचांनी विषय वाचायच्या आधीच मी उठलो. म्हटलं, गावातले काही जण बांधकामबंदीचा ठराव आणू पाहत आहेत. लोक एकमेकांकडे पाहू लागले; मला वाटलं, चोर पकडले गेले. मग मी एकेक शंका स्वतःच काढत गेलो आणि तिचं उत्तर देत गेलो. हातपंप चैत्रातच आटतात, पण आम्हाला काय त्याचं, आमची बोअर आहे, गावाच्या पाण्याचा एक थेंब लागणार नाही. (इथं बाईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी घाईनं पुढच्या शंकेवर उडी मारली.) बावीस घरांचं सांडपाणी उतारानं शाळेकडे जाईल असं कोणी म्हणेल, पण नाली होईल. नळयोजनेची टाकी तीन वर्षांपासून अर्धी उभी आहे असं कोणी म्हणेल, पण कधीतरी पूर्ण होईलच. भाऊजी, सभेनं माझ्या सगळ्या शंका लिहून घेतल्या. उत्तरं कोणी लिहिली नाहीत.

मी बसल्यावर बाई उठली. भर सभेत म्हणाली, "दुल्या, तुले एवढं सारं मालूम हाये, त घरं कायले बांधून राहिला?" तुम्ही तेव्हा छताकडे पाहत होतात, ते मी पाहिलं. पुढच्या पाच मिनिटांत ठराव मांडला गेला: टाकी पूर्ण होईपर्यंत, निदान एक वर्ष, कोणत्याही नव्या लेआउटला ना-हरकत द्यायची नाही. (माझी अजून यायचीच आहे.) पक्का निकाल येत्या बुधवारच्या विशेष सभेत.

हे झाल्यावर वच्छलाबाईंचा विषय आला. चैतरामनं आपल्या बांधीच्या कडेचा धुरा सरकवून पांदणीच्या वाटेवर घेतला, बैलगाडी जात नाही, एवढंच. बांधी, भाऊजी. धान रोवायची बांधी. ज्याचा बाप बांधीत चिखल तुडवत गेला, त्याला चाळीस वर्षं सिमेंट विकल्यावर बांधीची बंदी ऐकू आली. चैतरामनं धुरा मागे घेतो म्हणून दोन मिनिटांत कबूल केलं. मी गेलो नसतो तर सगळी सभा चहाच्या वेळेला आपापल्या घरी असती.

आता अकरा जणांनी घरं बुक केली आहेत. त्यांतला हिमांशू मास्तर रोज फोन करतो, त्याच्या आईला दिवाळीच्या आत नव्या घरात दिवा लावायचा आहे. त्या म्हाताऱ्या बाईला काय सांगू, की माझी ऐकण्यात चूक झाली? बाईवर माझा राग नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं, फक्त कमी लोकांसमोर. तुम्ही बुधवारी दोन शब्द माझ्या बाजूनं बोलावे एवढीच विनंती.

आपला,
दुलीचंद

ता.क. चिठ्ठी वाचून चुलीत घालावी. बाईच्या चष्म्याच्या घरात ठेवू नये.

ता.क. दुसरा. दोन शब्दांचं राहू द्या, बाईसमोर तुम्ही बोलणार नाही हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. खरं काम वेगळं आहे. तुमच्या विहिरीतून लेआउटवर येणारा पाइप बाईनं परवा गुंडाळून पडवीत टांगला. तो बुधवारपर्यंत तरी खाली उतरवावा. चार पाये भरून झाले आहेत, पाणी मारलं नाही तर या उन्हात तडकतील. आमची बोअर चारशे फूट खाली गेली, आणि वर नुसती धूळ आली.