काजूचं तेल नव्हतं, अक्का

प्रिय अक्का,

ओपीडी संपली तरी घरी गेले नाही. दवाखान्यातच बसून तुला लिहितेय, कारण आज वैशालीचा लघवीचा रिपोर्ट आला. प्रोटीन नाही. तू तिला ओळखत नाहीस, पण तुझ्यामुळंच मला तिचा आजार ओळखता आला.

तू आजऱ्याच्या काजू कारखान्यात पायानं चालवायच्या मशीनवर टरफलं फोडायचीस. टरफलातल्या तेलानं बोटं काळी पडायची, सोलायची. म्हणून गालांवर लाल चट्टे आले तेव्हा सगळ्यांनी काजूलाच दोष दिला. आईनं खोबरेल लावलं, डॉक्टरांनी मलम दिलं. उन्हात गेलीस की चट्टे भडकायचे, सकाळी बोटं वळायची नाहीत, मधूनच ताप यायचा. हे सगळं एकाच आजाराचं असेल, असं कुणाच्या मनात आलं नाही.

आणि तू तरी काय केलंस? तोंडातले फोड लपवलेस. केस गळायला लागले तर डोक्याला रुमाल बांधून कामावर गेलीस. इतकं सोसायला कुणी सांगितलं होतं तुला?

आता माझं. मी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला होते. सुट्टीत आले तेव्हा तू पाय पुढं केलास. "सुमे, बघ की, बोट दाबलं की खड्डा पडतोय." पुस्तकातून मान वर न काढता मी म्हटलं, "दिवसभर पायानं मशीन मारतीस, त्यानं होतंय." चार महिन्यांत तुझ्या किडन्या गेल्या आणि पाठोपाठ तू. सव्वीस वर्षांची होतीस.

मी पुढं याच आजारांची डॉक्टर झाले. शरीराचं रक्षण करणारी ताकद आपल्याच शरीरावर उलटते, ते आजार. तुला ल्युपस होता, अक्का. रिपोर्ट नाहीत, तरी मला शंका नाही.

गेल्या वर्षी वैशाली सासूबरोबर आली, गालांवर तुझ्यासारखेच लाल चट्टे. तीही काजू कारखान्यातली. सासू म्हणाली, तेल लागलंय, चांगलं मलम द्या. मी हात बघितले, ते स्वच्छ होते. दोन महिने ती कामावरच गेली नव्हती. मग चेहरा अजून का भडकतोय? मी लगेच लघवी तपासायला पाठवली. प्रोटीन भरपूर. रक्ताच्या तपासण्या केल्या, किडनीचा तुकडा काढून तपासला. ल्युपसच निघाला, पण वेळेत.

औषधं सुरू झाली. स्टेरॉइडनं तिचं तोंड सुजलं, तशी सासूनं सगळ्याच गोळ्या बंद केल्या. तारखेला दोघी आल्या नाहीत, फोन उचलेनात. मग मीच गाडी काढून त्यांच्या घरी गेले.

सासूनं चहा ठेवला, पण गोळ्यांचं नाव काढू देईना. शेवटी जे कुणालाच सांगितलं नव्हतं, ते तिला सांगितलं. "माझ्या बहिणीलाबी आम्ही मलमच लावत बसलो. तिचे पाय सुजले ते मी डोळ्यांनी बघितलं आणि काय न्हाय म्हटलं. ती गेली. हिचं अजून हातात हाय."

सासूनं उठून कपाटातनं गोळ्यांची पिशवी काढली आणि विचारलं, "कुठली सकाळची?"

त्या दिवसापासून ती स्वतः सुनेला गोळ्या देते. स्टेरॉइड हळूहळू अगदी कमी केलंय. आज वैशालीनं लाजत विचारलं, मला मूल होईल का? मी म्हटलं, होईल. अजून काही महिने रिपोर्ट असेच राहू देत, गोळ्या बदलू, मग. सासू शेजारी बसून मान डोलवत होती.

हा आजार मुळापासून जात नाही, पण त्याला आवरता येतं. तुझ्या वेळीही आलं असतं का? थोडंफार नक्की आलं असतं.

एकच काम राहिलंय. आईला अजून वाटतं, तिनंच तुला काजूच्या कामाला घालून मारलं. कारखान्यावरून एसटी जाते तेव्हा ती पदरानं तोंड झाकून घेते. आजाराचं नाव मला इतकी वर्षं ठाऊक होतं, तरी तिला सांगितलं नाही. का, ते तू ओळखलंच असशील. ते सांगायचं तर सुजलेल्या पायांचंही सांगावं लागलं असतं.

या रविवारी आजऱ्याला जातेय. दोन्ही सांगणार आहे.

तुझी,
सुमी