लोखंडी म्हणून नोंद असलेल्या शिशाच्या नळाबाबत

प्रति,
मा. पाणीपुरवठा अधिकारी,
नगरपालिका कार्यालय, पहिला मजला.

विषय: आमच्या गल्लीतील पिण्याच्या पाण्याची शिशाची वाहिनी बदलून मिळणे, तसेच खाली सही करणारा निर्दोष असल्याचा लेखी दाखला मिळणे, याबाबत.

संदर्भ: १) माझे यापूर्वीचे चार अर्ज.
२) आपल्या कार्यालयाची पाच उत्तरे. (पैकी एक मागच्या गल्लीतील मोकाट कुत्र्यांबद्दल असून चुकून माझ्या पत्त्यावर आले आहे. ते सोबत परत करीत आहे.)
३) आपण मला बजावलेली नोटीस.

महोदय,

मी छापखान्यात चौतीस वर्षे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरे, जुळवण्याचे काम करून अकरा वर्षांपूर्वी निवृत्त झालेला रहिवासी असून हा माझा पाचवा अर्ज आहे. पहिले चार आपल्या दप्तरी सुखरूप असल्याचे आवक-जावक पाहणाऱ्या बाईंनी मला दाखवले. चारही एकाच टाचणीला आहेत व टाचणी गंजलेली नाही. तथापि ते कोणी वाचल्याची खूण त्यांवर नसल्यामुळे सर्व हकीकत पुन्हा मुळापासून सांगणे भाग आहे, त्याबद्दल क्षमस्व.

१. माझी नात अडीच वर्षांची आहे. काही महिन्यांपासून ती सतत किरकिर करू लागली. पोट दुखते म्हणून फरशीवर पालथी पडे, घास पुढे केला की तोंड फिरवी. चुरुचुरु बोलायला लागलेली पोर शब्द विसरल्यासारखी गप्प बसू लागली. डॉक्टरीणबाईंनी तिचे रक्त तपासून घेतले. अहवाल वाचून त्यांनी चष्मा काढला आणि विचारले, "घरात कुणी शिशाचं काम करतं का?" त्या वेळी खोलीत मुलगा, सूनबाई, पत्नी व मी असे चौघे हजर होतो. पैकी तिघांनी माझ्याकडे पाहिले.

२. माझी बाजू कोणी ऐकून घेतली नाही. निवृत्तीच्या दिवशी मालकांनी आठवण म्हणून दिलेली खिळ्यांची एक पेटी माळ्यावर होती, हे खरे. परंतु पेटीला कुलूप होते, आणि अडीच वर्षांचे मूल माळ्यावर चढत नाही. हे मी पत्नीस सांगितले. ती म्हणाली, "चौतीस वर्षं बोटांना लावून शिसं घरी आणलंत, आणि आता मला कुलपाचं सांगताय?" सूनबाईंनी माझी गादी व्हरांड्यात नेऊन टाकली आणि उशाला साबणाच्या दोन वड्या ठेवल्या. पेटी मुलाने घराबाहेर काढली. नातीला माझ्याजवळ येण्याची मनाई झाली. ती जाळीच्या दारामागे उभी राहून माझ्याकडे बघायची, मी इकडून तिच्याकडे बघायचो. असे एकोणीस दिवस गेले. साबणाच्या वड्या संपल्या, पण नातीच्या तब्येतीत फरक पडला नाही. त्यावरून तरी घरच्यांनी काही बोध घ्यावा, असे मला वाटत होते.

३. विसाव्या दिवशी आमच्या दारासमोर रस्त्यातून पाणी वर येऊ लागले. नगरपालिकेचा नळदुरुस्तीवाला आला. गल्लीत त्याला सगळे ‘वायसर’ म्हणतात, कारण तक्रार कोणतीही असो, तो "वायसर गेलाय" हेच निदान करतो. त्याने खड्डा खणला. व्हरांड्यात राहण्याचा एवढाच फायदा की मला गादीवर बसून थेट खड्ड्यात दिसत होते. आत करडा, मऊसर, जरा पोक आलेला नळ होता. मी विनापरवाना खड्ड्यात उतरलो (त्याबद्दल दिलगीर आहे) आणि घराच्या किल्लीने नळावर ओरखडा काढला. आत चांदीसारखे चकाकले. कागद घासला, तर पेन्सिलीसारखी रेघ उमटली. महोदय, ज्याच्या सोबतीने चौतीस वर्षे काढली त्याला मी ओळखणार नाही काय? वायसरने खाली वाकून अंगठ्याचे नख रुतवून पाहिले आणि म्हणाला, "आजोबा, सगळ्या गल्लीत हाच आहे. मला वाटायचं, लोखंड म्हातारं झालं की मऊ पडत असेल."

मी खड्ड्यातूनच सूनबाईंना हाक मारली. त्या आल्या, नळ पाहिला, माझ्याकडे पाहिले, आणि आत जाऊन पाण्याचा माठ ओतून टाकला. माझी गादी मात्र जागची हलली नाही. त्या म्हणाल्या, "बाबा, तुम्ही म्हणता म्हणून कसं मानू? सरकारी माणसानं सांगू दे."

४. म्हणून पहिला अर्ज केला. आपले पाणी-निरीक्षक आले. त्यांनी नळ दहा मिनिटे सोडून ठेवला. मी हात जोडून विनंती केली की, रात्रभर नळात थांबलेले पाणी, म्हणजे सकाळचा पहिला पेला तपासावा. शिसे उतरते ते त्यात. ते म्हणाले, "आजोबा, शिळं पाणी कशाला तपासायचं?" मग त्यांनी पेला उन्हाकडे धरला, घटाघटा प्यायले आणि आणखी एक मागितला. अहवाल असा आला: ‘पाणी स्वच्छ, पारदर्शक व चवीस उत्तम.’ शिसे डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही आणि जिभेला लागत नाही, हे मी दुसऱ्या अर्जात नमूद केले.

५. त्यावर आपले कनिष्ठ अभियंता लोहचुंबक घेऊन आले. मला फार बरे वाटले. त्यांनी चुंबक आमच्या फाटकाला लावला, चिकटला. स्वतःच्या किल्ल्यांना लावला, चिकटला. खड्ड्यातल्या नळाला लावला, तो खाली पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. पाचव्यांदा तो चिखलात गेला, तेव्हा त्यांनी तो रुमालाने पुसला आणि विचारमग्न होऊन निघून गेले. अहवाल असा आला: ‘लोहचुंबक नादुरुस्त आढळल्याने चाचणी अनिर्णित. नवीन लोहचुंबकाची मागणी नोंदवली आहे.’

६. तिसऱ्या अर्जाच्या उत्तरात मला नळाचा नमुना कार्यालयात हजर करण्यास फर्मावले. गळती दुरुस्त करताना वायसरने वीतभर तुकडा कापला होता, तो मी पिशवीतून आणून जमा केला व पोच घेतली. आठ दिवसांनी मला नोटीस मिळाली की, सार्वजनिक मालमत्ता जवळ बाळगल्याबद्दल माझ्यावर कारवाई का करू नये. मी चौथ्या अर्जाने खुलासा केला. त्याचे उत्तर मी घरात सर्वांना मोठ्याने वाचून दाखवले: ‘सदर शिशाचा नळ आता कार्यालयात जमा झालेला असल्याने आपली तक्रार निकाली काढण्यात येत आहे. उर्वरित वाहिनी नळनोंदवहीप्रमाणे लोखंडी आहे.’ पत्नी इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि पाणी द्यायला घरात कोणी धजेना.

तो तुकडा आपल्या टेबलावर फायली उडू नयेत म्हणून ठेवलेला मी पाहिला. वजनाला तो उत्तम आहे. फक्त जेवणाचा डबा उघडण्यापूर्वी हात धुवावेत, ही विनंती.

७. आता जे लिहितो ते लिहिणे मला जड जात आहे. नळनोंदवही पाहण्यासाठी मी अर्ज न करता आलो, आणि आवक-जावकच्या बाईंनी ती दाखवली. मी पहिले पान उघडले. ‘नळाचा प्रकार’ या रकान्यात प्रत्येक ओळीत ‘लोखंडी’ असे आहे, पण ते कोणी हाताने लिहिलेले नाही. ते छापलेले आहे. अकराव्या ओळीतला ‘लो’ किंचित तुटका आहे. तो खिळा तुटका होता हे मला माहीत आहे, कारण तो मी जुळवला होता.

सव्वीस वर्षांपूर्वी नोंदवहीचे काम आमच्या छापखान्यात आले होते. तेव्हाच्या कारकुनांनी नमुन्यात पहिल्या ओळीत ‘लोखंडी’ लिहून खाली ‘वरीलप्रमाणे’च्या खुणा केल्या होत्या. मी विचारले होते, "साहेब, सगळीकडे छापू का? एखादा नळ वेगळा निघाला तर?" ते म्हणाले, "निघाला तर खोडतील. रोज उठून कोण लिहीत बसणार?" एका पानावर चाळीस ओळी होत्या. ‘ख’ कमी पडले, ते मी खिळ्यांच्या दुसऱ्या पेटीतून शोधून आणले, आणि काम वेळेत झाले म्हणून मालकांनी माझी पाठ थोपटली. त्यानंतर कोणीही काही खोडले नाही. सबब, आपण ज्या लोखंडाचा हवाला देत आहात, ते मी शिशाच्या खिळ्यांनी जुळवलेले आहे. त्याखेरीज आमच्या गल्लीत लोखंड नाही.

ही गोष्ट मी घरी सांगितलेली नाही. आपणांसच प्रथम सांगत आहे.

८. त्यानंतर मी कार्यालयाची वाट पाहणे सोडले. डॉक्टरीणबाईंनी मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेचा पत्ता दिला. मी वायसरला बरोबर घेऊन या वाहिनीवरील सतराही घरी गेलो व सकाळच्या पहिल्या पाण्याची एकेक बाटली भरून घेतली. वाहिनी कोठे संपते हे मला ठाऊक नव्हते. वायसर म्हणाला, "शेवटचं घर वर, चढावर. पण तिथं आपण नको जाऊ या." मी कारण विचारले. त्याने, आयुष्यात प्रथमच, वायसरचे नाव काढले नाही. तो म्हणाला, "साहेबांचा बंगला आहे."

९. महोदय, आपण त्या वेळी फिरावयास गेला होतात. दार आपल्या मातोश्रींनी उघडले. मी नाव सांगण्यापूर्वीच त्या म्हणाल्या, "तुम्हीच का ते शिशाचे आजोबा? तुमच्याबद्दल जेवताना ऐकते मी." काय ऐकतात ते त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही. त्यांनी बाटली स्वतः भरून दिली, आम्हा दोघांना बसवून चहा दिला (वायसरने तो घेतला, मी घेतला नाही) आणि म्हणाल्या, "आमच्याकडे काळजी नाही. मी नातवंडांसाठी पाणी रोज अर्धा तास खळखळून उकळते."

मला खोटे बोलता आले असते. मी सांगितले की, उकळून शिसे जात नाही. पाणी तेवढे आटते, शिसे जिथल्या तिथे राहते. त्या खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी पोरांना आटवून पाजलं की काय?" मी त्यांना माझी गोष्ट सांगितली, नोंदवहीची सोडून बाकी सगळी. व्हरांड्यापाशी आलो तेव्हा त्यांनी डोळे पुसले आणि साबणाच्या वड्यांपाशी त्यांना हसू आले.

१०. प्रयोगशाळेचा अहवाल आला आहे. सतरापैकी पंधरा बाटल्यांत शिसे मर्यादेबाहेर निघाले. सर्वांत जास्त आमच्या घरी, त्याखालोखाल आपल्या घरी. शाळेमागच्या नव्या टाकीच्या पाण्यात ते आढळले नाही. आता सून व मी सायकलीवर दोन-दोन कॅन लावून ते पाणी आणतो. अहवाल वाचला त्या दिवशी सूनबाईंनी माझी गादी उचलून आत नेली आणि नातीला माझ्या मांडीवर आणून बसवले. क्षमा वगैरे त्यांनी मागितली नाही, मला नकोही होती. नातीने माझा अंगठा धरून ठेवला तो झोप लागेपर्यंत सोडला नाही. परवा तिचे रक्त पुन्हा तपासले. प्रमाण उतरू लागले आहे. काल तिने ‘सायकल’ हा शब्द म्हटला.

पत्नी मात्र अद्याप म्हणते, "मला कागद दाखवा." तिच्या माहेरी सगळेच कोर्टात नोकरीला होते.

तरी नम्र विनंती की:

अ) संपूर्ण वाहिनी बदलावी व तोवर गल्लीला टँकरने पाणी द्यावे.

आ) सतराही घरांतील सहा वर्षांखालील मुलांचे रक्त तपासून घ्यावे. त्यांची यादी सोबत आहे. आपली दोन्ही मुले यादीत धरली आहेत.

इ) कनिष्ठ अभियंत्यांचा लोहचुंबक ठणठणीत आहे, तो बदलू नये.

ई) नातीच्या रक्तातील शिसे माझ्या बोटांतून नव्हे तर नळातून आले, असा दाखला पत्नीच्या नावे द्यावा. नोंदवहीबद्दल जी शिक्षा योग्य वाटेल ती मला द्यावी, पण ती दाखल्यात लिहू नये.

कळावे, आपला नम्र व नुकताच घरात परत घेतला गेलेला,

(सही)
अर्जदार क्र. १, निवृत्त खिळेजुळारी

(सही, थरथरती परंतु ठळक)
अर्जदार क्र. २, आपल्या मातोश्री

दिनांक: १४, गुरुवार

सोबत: १) प्रयोगशाळेचा अहवाल. २) आपल्या घरच्या बाटलीचा अहवाल, स्वतंत्र बंद पाकिटात, कारण ती घरगुती बाब आहे. ३) मुलांची यादी. ४) कुत्र्यांबाबतचे पत्र. ५) अर्जदार क्र. २ यांचे निवेदन, त्यांच्याच शब्दांत: "घरी विषय काढला की हा म्हणतो, आई, ऑफिसचं ऑफिसात. म्हणून ऑफिसात आले."

कार्यालयीन शेरा (समासात, हिरव्या शाईने):

वाचले. अर्जदार क्र. २ यांनी अर्ज समक्ष आणून दिला व मी तो पूर्ण वाचेपर्यंत समोरच्या खुर्चीवर बसून होत्या. क्र. १ यांचा दाखला आजच टंकित करून द्यावा; शिक्षेचा प्रश्न येत नाही, खोडण्याचे काम आमचे होते. टँकर उद्यापासून. यादीतील सर्व मुलांची तपासणी याच आठवड्यात. सोमवारी सकाळी खोदकाम सुरू करावे. ते आमच्या बंगल्यापासून सुरू करण्याचा कनिष्ठ अभियंत्यांचा प्रस्ताव अर्जदार क्र. २ यांनी जागेवरच नामंजूर केला आहे. पहिला खड्डा त्या मुलीच्या दारात.