रंजिताने केशोरीला वाढलेलं जेवण

केशोरी, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

आदरणीय चंद्रशेखरदादा,

धाकट्या कलाचा तुम्हाला आणि वहिनींना मनापासून जय भीम. तुमची कंबर आता कशी आहे? (ऐन भाच्याच्या लग्नाच्या आठवड्यात धरली म्हणून विचारते. लग्न झाल्यावर दुसऱ्या दिवशी तुम्ही ताडोबाला जाऊन आल्याचे फोटो पाहिले, म्हणजे उतार पडला असावा.) इकडे आम्ही सगळे बरे आहोत. उन्हाळा फार आहे, बोअरचं पाणी टिकून आहे, आणि माझ्या अंगणवाडीतली पोरं सुट्टीतही खाऊच्या वेळेला दारात येऊन उभी राहतात. फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकते, हे लहानपणापासून चालत आलं आहे. म्हणून यावेळी कागद घेतला. कागद मधात बोलत नाही.

तुम्ही लग्नाला का आला नाहीत ते मला ठाऊक आहे. माझी रंजिता आयर्लंडला शिकता शिकता हॉटेलात लोकांना वाढते हे कळलं तेव्हा तुम्ही म्हणालात की आपल्या बाबांनी पाटलाच्या वाड्यावरचं उष्टं उचलणं सोडलं म्हणून आपण शिकलो, आणि ही पोरगी विमानात बसून परक्यांचं उष्टं उचलायला गेली. दादा, त्या दिवशी मी फोन ठेवून रडले. तुम्ही खोटं बोलला नव्हता, म्हणूनच जास्त रडले. ह्यांना (म्हणजे देवीदासरावांना) तर इतकं लागलं की त्यांनी होणाऱ्या सुनेच्या, दीप्तीच्या माहेरी, आमगावला, पोरगी हॉस्पिटॅलिटीत ऑफिसर आहे असं सांगून टाकलं. त्या लोकांनी ते हॉस्पिटल ऐकलं. आमच्यातल्या कोणी दुरुस्त केलं नाही.

लग्न आमगावला नीट पार पडलं. आपला प्रफुल्ल आणि दीप्ती दोघंही वंदनेच्या वेळी घामाने निथळत होते, पण हसत होते. दुसऱ्या दिवशी आपल्याकडे केशोरीला दुपारचं जेवण होतं. दीप्तीचं अख्खं माहेर ट्रॅव्हल्सच्या गाडीने आलं. पुढे झालं असं की गोंदियाच्या केटररने जेवण पाठवलं, वाढणारी माणसं पाठवली नाहीत. फोन केला की तो म्हणे, "मॅडम, लडके रास्ते में हैं." (ते लडके अजूनही रास्त्यातच असावेत.) तोवर लोकांनी टेबलांना वेढा घातला. एकाच झाऱ्याला तीन हात. जिलेबी लहान पोरांनी आधीच हेरलेली. आपल्या गावचे धट्टेकट्टे लोक पुढे, आणि पाहुणे हातात कोरी ताटं घेऊन उन्हात मागे. दीप्तीची आजी रुख्माबाई पंख्यासमोर खुर्चीवर बसून होती, तिच्याकडे तर कोणाचं लक्षच नाही. दीप्तीचे मोठेबाबा, म्हणजे तिच्या वडिलांचे थोरले भाऊ, हे सगळं पाहत होते. त्यांनी कोरं ताट उलटं करून टेबलावर ठेवलं आणि ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितली. दादा, लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सोयरे उपाशी परत जाणार, आणि मी दारात उभी. दीप्ती नव्या सुनेसारखी मान खाली घालून बसली होती, पण तिचे डोळे मला दिसत होते.

तेव्हा रंजिता उठली. तिने साडीचा पदर कमरेला खोचला, वडिलांना म्हणाली की प्रफुल्लचे मित्र मला द्या आणि थोडा वेळ कोणीच काही सांगू नका. मग मी जे पाहिलं ते कसं लिहू तेच समजत नाही. तिने आधी सगळ्यांना टेबलांपासून मागे घेतलं, तेही एकालाही न दुखावता, जसं काही ती त्यांना मानाच्या जागी नेऊन राहिली आहे. मांडवात दऱ्या घालून पंगती बसवल्या. प्रत्येक मित्राला आपापली रांग दिली आणि बजावलं की जाताना भरला हात, येतानाही भरला हात, मोकळ्या हाताने कोणी चालायचं नाही. आणि स्वतः डाव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, भरलेली ताटं एकापुढे एक ठेवून चालू लागली. वरण सांडलं नाही. पुरीसुद्धा हलली नाही. गाव जेवायचं सोडून तिचा हात पाहत राहिलं. मोठेबाबा गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवून होते. तिने तिथेच जाऊन त्यांना इतकंच विचारलं की तुमच्यासाठी जागा सावलीत ठेवू की पंख्याजवळ. माणसाला असं विचारल्यावर गाडीत कसं चढता येईल? ते पंख्याजवळ म्हणाले.

बरं, एवढ्यावर थांबावं की नाही? तिकडच्या रिवाजाप्रमाणे ती अर्ध्या जेवणात सगळ्यांना विचारून राहिली की जेवण कसं आहे. आपल्याकडे हे कोणी कधी विचारलं नव्हतं, त्यामुळे लोकांनी खरंखरं सांगितलं. वांग्याच्या भाजीत मीठ कमी आहे, मठ्ठा कोमट आहे, मागच्या वर्षी अमक्याच्या घरचं जेवण यापेक्षा बरं होतं. तिने सगळं हसून ऐकलं आणि मीठ आणून दिलं. गजभिये गुरुजींना विचारलं, तुम्हाला कशाची अ‍ॅलर्जी आहे का? गुरुजींनी घास थांबवून नीट विचार केला आणि म्हणाले, जावयाची. (जावई बाजूलाच बसले होते.)

शेवटी ती रुख्माबाईकडे गेली. उभ्याने वाढलं नाही. खुर्चीजवळ उकिडवी बसली, आजीच्या डोळ्यांसमोर आपले डोळे येतील अशी, आणि ताटात काय काय आहे, काय चावायला जड जाईल ते एकेक सांगितलं. म्हातारीने दोन घास खाल्ले आणि लुगडं वर करून सुजलेला गुडघा दाखवला. "डाक्टरीणबाई, हा कायले दुखते, पाह्य बरं." मांडवात जे जवळ होते त्यांनी माना वळवल्या. ह्यांनी पाण्याचा जग घेतला आणि भरल्याच ग्लासात पाणी ओतू लागले.

रंजिता म्हणाली, "आजी, मी डॉक्टर नाही. तिकडे शिकते आणि हॉटेलात वाढते. शिकणाऱ्यांना जितके तास परवानगी आहे, तितके तास."

(या तासांचं मला पटकन सांगू द्या. तास संपले की हॉटेल कितीही भरलेलं असो, हिने घरी जायचं. सरकारच म्हणते की बस, आता अभ्यास कर. आपल्याकडे सरकार कोणाला असं म्हणालेलं तुम्ही ऐकलं आहे का?)

म्हातारीने ताटावरून नजर काढली नाही. विचारलं, "अन् उष्टं?"

"तेही उचलते. सगळ्यांचंच. अन् माझं जेवण झालं की मालक माझं ताट उचलतो."

दादा, म्हातारीने तोंडातला घास चावून संपवला. तिने तिच्या तरुणपणात काय काय उचललं असेल ते आपल्याला सांगायला नको. मग म्हणाली, "मंग ठीक हाय. आमच्या वक्ताले एकच बाजू उचले." आणि भात आणखी मागितला.

मी एवढी वर्षं पोरांना वाढून राहिली आहे, पण वाढणं हे असं असतं हे मला ठाऊक नव्हतं. पाहुणे जेवून, पान खाऊन, हसत गेले. मोठेबाबांनी जाताना ह्यांना बाजूला घेऊन विचारलं की हॉस्पिटलचं काय झालं. हे म्हणाले, सोडलं तिने. काही माणसं सुधारत नाहीत, त्याला इलाज नाही.

वहिनींना कंबरेला मोहाचं तेल लावून द्यायला सांगा. बाकी सर्व क्षेम.

तुमची बहीण,
कला

ता.क. एवढं लांब पत्र फक्त कौतुकासाठी लिहिलं असं समजू नका. रंजिता महिनाभर इकडे होती, तर तिकडे तिची टेबलं कोण सांभाळत होतं, हे तुम्ही अजून विचारलं नाही. तुमचा हिमांशू. तो त्याच शहरात शिकतो आणि तुमचा फोन आला की वाचनालयात असतो, ते वाचनालय म्हणजे हेच हॉटेल. हिवाळ्यापर्यंत भांडी घासत होता, आता त्याला वाढायला घेतलं आहे. येत्या रविवारी तो स्वतः तुम्हाला सांगणार आहे. पोरगा फार घाबरून आहे. विनंती एवढीच की तेव्हा तुम्ही नवीन ऐकल्यासारखं करा, आणि आधी त्याला बोलू द्या.

ता.क. २. तो अधूनमधून सूप सांडतो, पण गिऱ्हाईक त्याच्यावर खूश आहे, म्हणते पोरगा फार नम्र आहे. ही नम्रता त्याने कोणाच्या घरून नेली, याचा आम्ही दोघं अजून विचार करून राहिलो.